कडेला कोण उभं राहणार?

"रेवानं म्हणे धुमाळसाहेबांना सगळ्यांदेखत जाडा..." जिन्यात एवढंच कानी पडलं आणि सिंधूकाकूंच्या काळजात धस्स झालं. शेजारची रेवा लग्नांचे फोटो काढायची आणि धुमाळ म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन! पोरीचं काम गेलंच! काकू तशाच धुमाळांच्या मांडवात पोचल्या. तिथं करवलीनं सगळं सांगितलं.

साहेबांनी रेवाला दरडावलं होतं, "उद्या लग्नात अख्खा गोतावळा एकाच फोटोत हवा. ती सगळ्यात रुंद लेन्स विकत घे, नाहीतर दुसरा फोटोग्राफर बघतो." लेन्स घ्यावी तर वर्षाची कमाई जाणार, न घ्यावी तर काम.

रेवा नम्रपणे म्हणाली, "घेते की, साहेब. पण त्या लेन्समध्ये कडेचा माणूस ताणून जाडा दिसतो. कडेला कोणाला उभं करू? व्याह्यांना की थोरल्या जावईबापूंना?"

विहीणबाईंच्या भुवया चढल्या. मानपानावरून आधीच रुसलेले जावईबापू खुर्चीतून अर्धे उठले. साहेबांनी एकदा व्याह्यांकडे, एकदा जावयाकडे पाहिलं.

"राहू दे ती लेन्स," ते शेवटी पुटपुटले. "आहे त्यानंच दोन्हीकडचे वेगवेगळे काढ."

काकूंनी रेवाला कोपऱ्यात गाठलं. "अगं, साहेबांना जाडा म्हणालीस?"

"जाडा मी म्हणाले खरं, काकू, पण त्यांना नव्हे. ते तर मधोमध उभे राहणार होते!"