कडू बेणं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार, तर तळशिंग्याच्या डोंगराला तेव्हा टक्कल पडलं नव्हतं आणि गावातली माणसं आजच्यापेक्षा बरी होती, असं म्हणतात. डोंगराचं खरं असेल. माणसांचं तुम्ही ऐकून ठरवा.

त्या गावात आवडी नावाची बाई राहायची. नाव आवडी, पण गावात आवडत कुणाला नव्हती. तिच्या आईचं लग्न झालेलं नव्हतं. आवडीचा बाप कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो जत्रेच्या पंगतीत वरच्या अंगाला बसून जेवतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा लेकराला आमच्याकडे कडू म्हणतात. भांडण जुंपलं तर कडू बेणं. बेणं म्हणजे पुढच्या लावणीसाठी राखून ठेवलेलं बियाणं. हळदीचं असतं, आल्याचं असतं. माणसाला लावलं की शिवी होते.

जोगाईच्या जत्रेला साऱ्या गावाची एकच लांब पंगत बसायची. कडूचं पान मात्र देवळाबाहेर, लोक चपला काढतात तिथं. आवडीची आई जन्मभर त्या चपलांशेजारी जेवली. मरताना ती म्हणाली, "आवडे, एकदा तरी रांगंत बसून जेव गं. माझ्या वाटणीचं बी." आवडीनं मान हलवली. गावाकडून तिला एवढी एकच गोष्ट हवी होती, शेवटपर्यंत.

माळाला कुणी फुकट घेणार नाही असा एक दगडांचा तुकडा होता. तो आवडीकडे होता. त्यात तिनं किराईत लावलं. तुम्ही किराईत प्यायला असाल. नसाल तर सुखी आहात. गुडघाभर झुडूप, बारीक पानं, पांढरं इवलंसं फूल, आणि मुळापासून शेंड्यापर्यंत कडू. तापावर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पूर्वी ते जंगलात आपोआप यायचं, पण लोक दिसेल ते मुळासकट उपटून न्यायचे, म्हणून दिसेनासं व्हायला लागलं होतं. आवडीनं कडेकपारीतून मूठभर बी शोधून आणलं आणि दगडांच्या फटीत टोचलं.

तिची जोपासनाही जगावेगळी होती. खत नाही. पावसाचं पडेल तेवढंच पाणी. उन्हानं झाड मान टाकायला लागलं की ती शेजारी बसून म्हणायची, "सोस बाई, सोस. मी न्हाई का सोसलं?" फुलावर आलं की कापायची, पण दर चौथं झुडूप बियांसाठी उभं ठेवायची. कापण्याआधी एक पान स्वतः चावून बघायची. डोळ्यांतून पाणी आलं तरच कोयता लावायचा. मग जुड्या बांधून सावलीत वाळवायच्या, उन्हात कधीच नाही.

असं म्हणतात की एका कावळ्यानं त्यातलं एक पान टोचलं आणि तीन वर्षं तो काव म्हणाला नाही. एका शेळीनं एक फांदी खाल्ली, तर तिच्या दुधाचा चहा गुळाची आख्खी ढेप घालूनही कुणाच्या घशाखाली उतरेना. कावळ्याला मी भेटलेलो नाही. शेळीचे वंशज मात्र गावात आहेत, त्यांचं दूध मी पीत नाही.

एका वर्षी आश्विनात थंडीतापानं गाव धरलं. माणसं अशी कुडकुडायची की घरांवरची कौलं वाजायची. वैदू येऊन गेले, अंगारे झाले, कोंबडी कापून झाली. शेवटी गुणाजी पाटलाची आई बयाक्का काठी टेकत माळावर आली.

"आवडे, हायस का गं?"

"कडू हाय घरात. कोण पायजे?"

"तोंड लई चालतंय तुझं."

"त्येच चालतं, आक्का. पान कुठं चालतंय माझं?"

बयाक्का दगडावर बसली. "माझा गुणा चार दिस झाले डोळा उघडंना. चार काड्या दे. मागशील ते देते."

आवडी काड्या घेऊन स्वतः पाटलाच्या दारात गेली. उंबऱ्याबाहेर तीन दगड मांडून तिनं काढा उकळला. गुणाजीनं एक घोट घेतला आणि त्याचं तोंड असं वाकडं झालं की ते सरळ व्हायला दिवाळी उजाडली, असं म्हणतात. पण ताप उतरला. मग तिनं घरोघर काढा पोचवला. कुणाकडून दाणा घेतला नाही. पाटलाला मात्र म्हणाली, "पाटील, जत्रंला माझं पान रांगंत मांडायचं."

गुणाजीनं शपथेसाठी जोगाईचा भंडारा उचलला. "मांडलंच समज."

गाव उठून हिंडायला लागलं. मग गुणाजीच्या डोक्यात आलं की दर वेळी हिच्या दाराशी कशाला जायचं? हे आपल्या परसात का नसावं? तो दहा माणसं घेऊन माळावर आला.

"आवडे, जरा बी पायजे हुतं."

"कसलं?"

"ह्येच की. किराईताचं."

"मग नीट मागा की पाटील. कसलं बेणं पायजे?"

गुणाजीनं मागं बघितलं. दहा माणसं आभाळाकडे बघत होती. "कडू," तो म्हणाला. "कडू बेणं दे, आवडे."

आवडी एवढी हसली की डोळे पुसत बसली. जन्मभर जो शब्द तिच्या अंगावर फेकला, तो आज गाव ओंजळ पसरून मागत होतं. त्या आनंदात तिनं बी साठवायचा वाळका भोपळा त्यांच्या ओंजळीत आख्खा रिकामा केला. स्वतःला दाणाही ठेवला नाही. चूक झाली ती तिथं. "एक ध्यानात ठेवा," तेवढं ती म्हणाली. "त्येचे लाड करू नका. पोट भरलं की त्येचं कडू उतरतं."

चैत्रात जत्रा आली. आवडी आईचं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून देवळात आली. पंगत बसली होती. तिचं पान चपलांशेजारी होतं.

"पाटील?"

"रांगंतच हाय की," गुणाजी म्हणाला. "रांगच आम्ही तिथवर वाढवली. मधी थोडी जागा सुटलीय एवढंच."

मधे पंचवीस माणसं बसतील एवढी जागा होती. पंगतीत कुणीतरी फसकन हसलं. मग बरेच हसले. बयाक्का आपल्या पानातल्या मिठाकडे बघत राहिली. ती हसली नाही.

आवडीनं पत्रावळ उचलली, घडी करून कमरेला खोचली. "माझ्या आईला सांगते," ती म्हणाली, "रांग लई लांब हुती म्हणून." आणि डोंगराची वाट धरून चालायला लागली. ती कुणालाही पुन्हा दिसली नाही.

पाऊस पडला आणि परसापरसात किराईत उगवलं. आता गावाला त्याचं फार प्रेम आलं होतं. बायकांनी शेणखत घातलं, न्हाणीचं पाणी सोडलं, कुणी तर ताकही ओतलं. झुडपं पुरुषभर उंच झाली. पानं तळहाताएवढी! गाव एकमेकांना म्हणायचं, बघा, त्या कडूला काही जमत नव्हतं.

आश्विनात ताप परत आला. पाटलाच्या घरी पहिली बयाक्काच पडली. गुणाजीनं परसातली सगळ्यांत जाड फांदी तोडून काढा केला आणि आईच्या तोंडाला लावला. तिनं घोट घेतला. ओठ चाटले. मुलाकडे बघितलं.

"गुणा," ती म्हणाली, "गोड लागतंय रं."

तिसऱ्या दिवशी ती गेली. त्या महिन्यात गावातून अकरा जण गेले, सगळे गोड तोंडानं.

मग गुणाजी अंगात ताप घेऊन माळावर धावला. तिथं नुसते दगड होते. पण दगडांपासून वर डोंगराकडे पावलं गेली होती आणि प्रत्येक पावलात किराईताचं एक झुडूप उभं होतं, असं म्हणतात. तो त्या पावलांवरून चढत कड्यावर पोचला. वर उघड्या कातळावर एक वाळलेली पत्रावळ मांडलेली होती. तिच्या दोन्ही अंगांना किराईत उगवलं होतं. सरळ रांगेत, खांद्याला खांदा लावून, मधे बोटभरही जागा न सोडता. जणू पंगत बसली होती. फक्त पत्रावळीसमोरची जागा मोकळी होती.

त्या रांगेतल्या किराईतानं उरलेलं गाव वाचलं. गुणाजीचं तोंड पुन्हा वाकडं झालं, ते या वेळी सरळ झालंच नाही. परसात मात्र कडू किराईत पुन्हा कुणालाच पिकवता आलं नाही. अजून लागलं की कड्यावर चढावं लागतं, आणि दर चौथं झुडूप सोडून यावं लागतं.

आज तळशिंग्याच्या जत्रेत कुणी गोडाचा घास घेण्याआधी प्रत्येकाला पळीभर किराईत प्यावं लागतं. पोरं रडतात, जावई पळून जातात, पण सुटका नाही. आणि पहिलं पान मांडतात ते आवडीआईचं. आता ती आवडीआई झाली आहे. देवीच्या अगदी समोर, रांगोळी काढून, पुरणपोळीवर तुपाची धार सोडून. मेलेल्या बाईला रांगेत बसवायला गावाची कधी हरकत नसते.

यंदा जेवण झाल्यावर मी चपला शोधायला बाहेर आलो, तर तिथं दोन पानं मांडलेली होती. एक म्हातारी आणि तिची नात जेवत होत्या. पळी त्यांच्याकडे आलीच नव्हती. मी वाढप्याला विचारलं, तर तो म्हणाला, "त्येंना आणि येगळं कडू कशाला?"