हकीमबाबांच्या भिंतीला पाणी

कवठाळीच्या टेकडीवर हकीमबाबांची कबर आहे. चार उंच भिंती, त्यांवर गुडघाभर चढलेली विटांची गोल कड आणि वर उघडे आभाळ. पाहुणे विचारतात, घुमट कधी पडला? तेव्हा गावातले कुणीही म्हातारे माणूस अंमळ घुश्शातच सांगते, पडायला तो चढला होता कुठे?

बहामनी काळातली गोष्ट, असे सांगतात. हकीम मेहरदाद इराणातल्या काशानहून आले आणि इथल्या माणसांच्या नाड्या पाहता पाहता इथलेच झाले. पण मरताना जीव घराकडे ओढला. मुलाचा हात धरून ते म्हणाले, की आमच्याकडच्या कबरींवर असतो तसा निळ्या फरशांचा घुमट माझ्यावर घाल, म्हणजे परमुलखात निजल्यासारखे वाटणार नाही. मुलगा, उस्ताद फर्रुख, घुमट बांधणाराच होता. त्याने शब्द दिला.

भिंती चढायला बरीच वर्षे गेली. विटा भिजवायला आणि बांधकामावर पाणी मारायला त्याने टेकडीखाली हौद खोदून पाणी साठवले. ताज्या चुन्याला चाळीस दिवस ओले ठेवावे लागते, नाहीतर तो वरून सुकतो आणि आतून भुसभुशीत राहतो. कड चढली आणि नेमका त्याच साली दुष्काळ पडला. विहिरींनी तळ दाखवला. पाणी उरले ते त्या हौदात.

गावाने ते मागितले नाही. हकीमबाबांच्या कबरीचे पाणी मागायला कुणाची जीभ रेटेना, म्हणे. फर्रुख रोज भिंतीवर पाणी मारी आणि माणसे खालून नुसती बघत. नवव्या दिवशी त्याचा हात थांबला. बापाने ज्यांना जगवले त्यांना तहानेने मारून बापाचा घुमट उभा करायचा, हे त्याच्या मनाला पटेना. त्याने हौद गावाला मोकळा केला आणि कबरीशी बसून खूप रडला.

गाव जगले. पुढच्या वर्षी सुकाळ झाला, तेव्हा घरटी एक माणूस कामाला येऊन उभा राहिला. फर्रुखने भिंतीवर थापी ठोकली. ती बद्द वाजली. ही भिंत आता ओझे पेलणार नाही, एवढेच तो बोलला. पाडून पुन्हा बांधण्याइतके वय त्याच्यापाशी उरले नव्हते.

तेव्हा म्हातारी राही कुंभारीण पुढे झाली आणि तिने डोक्यावरची घागर भिंतीवर रिती केली. आता उपयोग नाही, माई, असे फर्रुख म्हणाला.

"कच्चं काय नि पक्कं काय, कुंभारणीला कळतं, बाबा," राही म्हणाली. "पर आमी प्यालो ते हिच्या वाटणीचं पाणी. ते माघारी द्यायला नको व्हय?"

फर्रुखने तिच्या हातातली घागर घेतली आणि पुन्हा भरून आणली, असे सांगतात.

आजही कवठाळीत कुणी घर बांधले, की पाण्याची पहिली घागर आपल्या भिंतीला नाही, हकीमबाबांच्या भिंतीला. जुन्या चुन्याला आता पाण्याचा काडीइतका उपयोग नाही, हे गावचे गवंडी हसत हसत सांगतात. आणि स्वतःचे घर बांधायला काढले, की तेही घागर घेऊन टेकडी चढतात.