शिरक्याची वाटी

फिलिपीन्सच्या एका लहानशा बेटावर, समुद्राला लागून, सांतोल नावाचं गाव होतं. त्या गावात सालुद नावाची एक सुगरण राहायची. माशाच्या पोटात कांदा, टोमॅटो, आलं आणि गवती चहा भरून, केळीच्या पानात गुंडाळून ती तो करवंटीच्या निखाऱ्यांवर भाजायची. वास किनाऱ्यापर्यंत जायचा आणि होड्या ओढणारे कोळी दोर हातात तसाच धरून तिच्या घराकडे बघत राहायचे. वडीलधाऱ्या बाईला तिकडे मानाने ‘आलिंग’ म्हणतात. आलिंग सालुदचा मासा म्हणजे साऱ्या सांतोलचा अभिमान होता.

या लोकांची एक रीत फार चांगली आहे. आपण जेवत असताना दारावरून कोणी गेलं, तर ‘या जेवायला’ म्हटल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. पंगत बसली की मधोमध लहान लहान वाट्या मांडतात. एकीत माडी आंबवून केलेला शिरका, त्यात लसूण आणि मिरची. एकीत खारवलेला जवळा. एकीत सुपारीएवढ्या लिंबाचा रस. ज्याने त्याने आपल्या जिभेला रुचेल तसं मिसळायचं, त्यात घास बुडवायचा आणि खायचा. रांधणारीला त्यात कमीपणा वाटत नाही. उलट वाट्या इकडून तिकडे फिरतात, हाताला हात लागतो आणि ‘जरा जवळा सरकवा इकडे’ म्हणता म्हणता गप्पांना रंग चढतो.

गेल्या जत्रेला शहरातल्या एका बड्या हॉटेलातले मुख्य आचारी गावात आले होते. सालुदचा मासा खाऊन त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, “आलिंग सालुद, याला दुसरं काही लावणं म्हणजे तुमच्या हाताचा अपमान आहे.”

झालं! आचारी शहरात परत गेले, पण त्यांचं ते वाक्य सालुदच्या डोक्यात घर करून राहिलं. दुसऱ्याच दिवशी तिने सगळ्या वाट्या धुऊन फळीवर पालथ्या घातल्या.

“अगं, शिरक्याशिवाय मला घास जात नाही,” तिचा नवरा तेबान कुरकुरला.

“मग घास घेऊ नका,” सालुद म्हणाली.

तेव्हापासून तिच्या पंगतीत लोक मुकाट्याने जेवायचे आणि मुकाट्याने उठायचे. माझ्या चवीने यांची वाचाच बसली, असं सालुदला वाटायचं. पूर्वी वीस माणसं यायची, आता सात-आठच येतात, हे काही तिने मोजलं नाही.

सालुदला एकच मुलगी होती, दालिसाय. डोंगरावरच्या गावातल्या क्रिसांतोशी तिचं मन जुळलं होतं. तिकडच्या रिवाजाप्रमाणे मुलाकडची माणसं स्वतः रांधलेलं घेऊन मुलीच्या घरच्या पायऱ्या चढतात आणि दोन्ही घरं एकत्र जेवून लग्नाची तारीख ठरवतात. तारीख ठरली की दोन्हीकडचे आईबाप एकमेकांना ‘बालाए’ म्हणू लागतात. बालाए म्हणजे व्याही आणि विहीण. जेवण बिनसलं, तर मंडळी गोड बोलून निघून जातात आणि पुन्हा पायरी चढत नाहीत.

रविवारी सकाळी क्रिसांतोची मंडळी आली. त्याची आई पासिता हिने टोपलीभर भात आणि एक मातीची बरणी आणली होती. आजोबांच्या खांद्यावर बांबूचा लांब नळा होता आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या माडांची ताजी माडी होती. बोलणी जुळली की त्याचं बूच निघायचं आणि एकाच ग्लासातून सगळ्यांनी आळीपाळीने माडी प्यायची, हा त्यांच्या घराचा नेम.

“आलिंग सालुद, आमच्या माडांचा शिरका आहे. तीन वर्षं मुरलेला,” पासिताने बरणी पुढे केली.

“कशाला एवढा त्रास घेतलात?” सालुद हसून म्हणाली, आणि बरणी नेऊन चुलीमागे ठेवून दिली.

केळीची पानं अंथरली गेली. मध्ये भाताची रास, तिच्याभोवती भाजलेले मासे. सगळे हाताने जेवू लागले. मासा खरोखर अप्रतिम झाला होता. पाहुण्यांनी तोंड भरून कौतुक केलं. पण चार घासांनी कौतुक संपलं आणि पुढे काय बोलावं ते कोणाला सुचेना. आजोबांनी पानावर इकडेतिकडे पाहिलं. शेवटी ते संकोचून म्हणाले, “पोरी, माझी जीभ म्हातारी झाली. आंबटाशिवाय तिला काही कळत नाही. थोडा शिरका मिळेल का?”

“आजोबा,” सालुद ताठ मानेने म्हणाली, “माझ्या माशाला कशाचीच गरज पडत नाही.”

आजोबांनी हात मागे घेतला. पासिताने पानावरची नजर वर उचलली नाही. क्रिसांतो भाताची शितं गोळा करत बसला. थोड्या वेळाने आजोबांनी हात धुतले, डोक्यावर टोपी घातली आणि म्हणाले, “जेवण उत्तम झालं. ऊन चढायच्या आत डोंगर गाठायला हवा.” बांबूचा नळा त्यांनी खांद्यावर घेतला. त्याचं बूच तसंच होतं.

तारखेचं कोणी नावही काढलं नव्हतं.

पाहुण्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, म्हणून सालुद उरलेले मासे बांधायला लगबगीने आत गेली. मागोमाग दालिसाय आली. तिचे डोळे भरले होते.

“आई, तुझा मासा जिंकला,” ती म्हणाली. “आता माझ्या लग्नात तो एकटाच बसून जेवेल.”

सालुदने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. इतकी माणसं एकाच पंगतीत जेवली होती आणि एकाचाही हात दुसऱ्याच्या हाताजवळ गेला नव्हता. तिला आपली आई आठवली. माशाचा तुकडाही न मिळणारे कितीतरी दिवस तिच्या आईने काढले होते. तेव्हा भात आणि मधोमध एक शिरक्याची वाटी एवढंच असायचं. त्या एका वाटीभोवती सहा भावंडं एकमेकांना ढकलत, हसत जेवायची. आईचा हात काही जगावेगळा नव्हता, पण तिच्या घरून कोणी असं गप्प उठून गेल्याचं सालुदला आठवेना.

तिने चुलीमागची बरणी ओढली आणि झाकण काढून बोट बुडवलं. शिरका झणझणीत होता, मागून किंचित गोड. इतका सुरेख शिरका तिला स्वतःला कधी जमला नव्हता, आणि हे कबूल करताना तिला लाजही वाटली आणि हसूही आलं.

फळीवरच्या वाट्या तिने भराभर सुलट्या केल्या. लसूण ठेचली, मिरच्या चिरल्या. शिरक्याची मोठी वाटी घेऊन ती बाहेर आली, तेव्हा पाहुणे पायरीशी पोचले होते.

“आजोबा, थांबा!”

सगळे वळले. सालुद परत पंगतीत बसली. सगळ्यांदेखत तिने आपल्या हातच्या माशाचा तुकडा तोडला, पासिताच्या शिरक्यात बुडवला आणि तोंडात टाकला. सांतोलमध्ये वर्षभरात असं कोणी पाहिलं नव्हतं. तेबानने तर आ वासला.

“माझं चुकलं,” सालुद म्हणाली. “तुमची भेट मी चुलीमागे लपवली. माझा मासा चांगला आहे, पण तुमच्या शिरक्याने तो आजोबांच्या जिभेपर्यंत पोचेल. बसा ना, बालाए.”

तो शब्द ऐकून पासिताचे डोळे चमकले. ती सालुदला अगदी खेटून बसली. “मिरची कमी पडलीय, बालाए,” तिने वाटी चाखून सांगितलं, आणि दोघी खळखळून हसल्या. आजोबांनी टोपी काढली. तेबानने वर्षभराची भूक भागवून घेतली. वाटी या हातातून त्या हातात फिरू लागली आणि ती फिरता फिरता कोणीतरी तारीख बोलून गेलं. आजोबांनी नळ्याचं बूच काढलं, माडीचा पहिला ग्लास सालुदच्या हातात दिला आणि तोच ग्लास मग पंगतभर फिरला.

लग्नाला दोन गावं लोटली. केळीच्या पानांची रांग घरापासून किनाऱ्यापर्यंत गेली आणि प्रत्येक घराने आपापली वाटी आणली. शहरातले ते आचारीही आले होते. वाट्यांत बुडणारे घास पाहून ते कळवळून म्हणाले, “आलिंग सालुद, तुमच्या माशाला हे लोक काय काय लावतायत, बघा तरी!”

सालुदने त्या लांबलचक पंगतीकडे पाहिलं. तिचा ऊर अभिमानाने भरून आला, इतका की गेल्या जत्रेतल्या कौतुकानेही तो तसा भरला नव्हता.

“मासा मी भाजते, साहेब,” ती म्हणाली. “जेवण मात्र सगळ्यांचं असतं. बसा, तुमचीही एक वाटी करून घ्या.”

तात्पर्य: आपल्या हातच्या गुणाचा अभिमान जरूर बाळगावा, पण आपल्या पंगतीत दुसऱ्याच्या चवीला जागा दिली, तरच परकी माणसं आपली होतात.