टोला पडला नाही तर

अमेरिकेत पश्चिमेच्या डोंगरांत टलची खिंड म्हणून एक जागा आहे. तिथे प्रत्येक दारावर जुन्या घोडागाडीच्या चाकावरची गोल लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, टांगलेली असते आणि तिच्याशेजारी हातोडी. बर्फ पडू लागले की दिवेलागणीला घराघरांतून एकेक टोला पडतो. पाहुण्यांना वाटते, प्रार्थनेची वेळ झाली असेल. मग म्हातारी वर्ना त्यांना शेगडीपाशी बसवते आणि खरे काय ते सांगते.

फार पूर्वी, म्हणे, या टोल्याचा अर्थ उलटा होता. धाव वाजली की कुणावर तरी संकट आले असे समजून शेजाऱ्यांनी धावत यायचे. अ‍ॅमॉस टलच्या दारावरची धाव मात्र कधी वाजली नाही. तो पोरका होता. लहानपणी लोकांची दारे ठोठावून त्याने शिळे तुकडे खाल्ले होते. स्वतःची जमीन झाली त्या दिवशी त्याने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली, की यापुढे कुणाचे दार ठोठावणार नाही, कुणाला हाक मारणार नाही. बायकोला, लेटीलाही तीच शपथ घ्यायला लावली. ती तेव्हा पोटुशी होती. नवरा मानी आहे याचे तिला बरेच वाटले.

ओढ्यापलीकडे गस नावाचा एकटा माणूस राही. तो थट्टा करायचा, "अ‍ॅमॉस, तुझी गाय तरी सोड माझ्या कुरणात. तिनं कुठे शपथ घेतलीय?"

अ‍ॅमॉसला हसू यायचे नाही.

त्या हिवाळ्यात तोडता तोडता एक झाड त्याच्या पायावर पडले. तान्ही मुलगी छातीशी बांधून लेटीने त्याला कातड्यावर घातले आणि ओढत घरी आणले. पाय काळा पडू लागला, अंगात ताप भरला. ती दाराकडे वळली की तो डोळे उघडायचा.

"कुठे निघालीस?"

"लाकडं आणते."

"शब्द दिलायस, लेटी."

"गस नुसता पाय बघेल. त्याला हाडं बसवता येतात."

"मरेन. पण कुणाच्या उपकारात जगणार नाही."

हातोडी तिने कितीदा उचलली आणि कितीदा खाली ठेवली, असे सांगतात. मुलगी झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून बघायची, मग नवऱ्याच्या. सरपण संपत आले तेव्हा तिने मुद्दाम शेगडी मंद ठेवली. धूर कमी दिसला तर गस आपणहून येईल, असे तिला वाटले. तो आला नाही.

अ‍ॅमॉस गेला तेव्हा तिने टोला मारला. हातोडी खाली ठेवायच्या आत गस दारात उभा.

"इतक्यात कसा आलास?"

"ओढ्याच्या काठावरच होतो. रोज येऊन उभा राहायचो. धूर बारीक झालेला बघितला होता मी."

"मग आत का नाही आलास?"

"बोलावल्याशिवाय कुणाच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, लेटी. इथली रीत आहे."

जमीन दगडासारखी गोठली होती. खड्डा खणायला आधी तिच्यावर विस्तव पेटवावा लागला.

आता लेटी जमीन विकून माहेरी जाईल, असे लोकांना वाटले. ती गेली नाही. दुसऱ्याच दिवशी दिवेलागणीला तिच्या दारी टोला पडला. गस धापा टाकत आला.

"काय झालं?"

"काही नाही. पोरगी दूध प्यालीय, शेगडी पेटलीय. जा तू."

तो बघतच राहिला.

"रोज वाजवीन," लेटी म्हणाली. "ज्या दिवशी ऐकू येणार नाही, त्या दिवशी सरळ आत ये. माझ्याच्यानं हाक मारवत नाही, तुझ्याच्यानं बोलावल्याशिवाय येववत नाही. मग दुसरं काय करायचं?"

गसही मानीच होता. त्या संध्याकाळपासून त्यानेही टोला मारायला सुरुवात केली. मग हळूहळू खिंडीभर तेच झाले.

आजही बर्फाच्या दिवसांत वर्ना गोष्ट इथे थांबवते, बाहेर जाऊन टोला मारते आणि कान देऊन उभी राहते. घरे आता थोडीच उरलीत. परवा पाहुणे बसले असताना सगळीकडून टोले आले, ओढ्यापलीकडून आला नाही. तिथे एकटा डेल राहतो.

"म्हातारा विसरला असेल," एक पाहुणा म्हणाला.

"विसरला असेल तर शिव्या देऊन परत येईन," वर्ना म्हणाली आणि बूट चढवू लागली.

ती काठी टेकत ओढा ओलांडून गेली. डेलच्या दाराशी तिने हाक मारली नाही, ठोठावलेही नाही. सरळ कडी काढून आत गेली.