दिवाणसाहेबांचा खांदा

संस्थानात दर दसऱ्याला बंदुकांचं प्रदर्शन भरायचं. एका वर्षी दिवाण त्र्यंबकराव महाराजांना म्हणाले, "आता मुंबईहून कॅटलॉग येतो. चित्र पाहावं, पत्र टाकावं, बंदूक घरी! शौकिनांनी इथं धूळ खायला कशाला यायचं? पुढच्या वर्षीपासून बंद करू."

भिवा जिनगराचं तोंडच उतरलं. त्याच्या बंदुकांना गिऱ्हाईक मिळायचं ते इथंच. त्याची मुलगी सगुणा शेजारी उभी होती. जन्म बंदुका घडवणाऱ्याच्या घरातला, पण प्रत्येक बाराला दचकायची. तरी हात जोडून ती पुढं झालीच.

"सरकार, दिवाणसाहेबांनी आपली मुंबईची बंदूक रिकामी करून घ्यावी. डोळे मिटून ती खांद्याला लावावी, समोरच्या निशाणावर रोखावी, आणि मग डोळे उघडावेत."

त्र्यंबकरावांनी हसत हसत तसं केलं. डोळे उघडले, तर नळी निशाणापासून हातभर डावीकडे!

सगुणानं बापानं घडवलेली, खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता आखूड असलेली बंदूक त्यांच्या हाती दिली. डोळे मिटले, उघडले. नळी थेट निशाणावर.

"मुंबईचा दस्ता दिवाणसाहेबांच्या खांद्याला लांब पडतो. कॅटलॉगात माणूस बंदूक पाहतो, सरकार," ती हळूच म्हणाली, "इथं बंदूक माणसाला पाहते."

महाराजांनी मांडीवर थाप मारली. सगुणा दचकली. दिवाणसाहेब मात्र दस्ता कुरवाळत राहिले.

"आणि मी इतकी वर्षं सांबरांनाच चपळ म्हणत होतो! पोरी, उपकार झाले गं."

पुढच्या दसऱ्याला प्रदर्शनात सगळ्यांत आधी तेच आले, आणि शिपायांना दरडावून म्हणाले, "भिवाच्या मांडवाजवळ कुणी बार काढायचा नाही. आमची सगुणा दचकते!"