हैबतीबाबांनी न मारलेली हाक

किती वर्षं झाली ते विचारू नका, माझ्या पणजीलाही ठाऊक नव्हतं. पण तेव्हा या माळावर तरवडी नावाचं गाव होतं. आता आहेत त्या बाभळी, पडक्या भिंती आणि एक विहीर. ते उजाड कसं झालं, ते सांगतो. मला सगळं कळलंय असं मात्र समजू नका, मीही गोंधळलेलाच आहे.

तरवडीत हैबती नावाचा विहीर खणणारा होता. त्याच्या पहारीच्या एका घावात कातळ भाकरीसारखा मोडायचा, असं म्हणतात. पण गावची विहीर आटली आणि काही केल्या पाणी लागेना. तिकडे पाच कोसांवर रेल्वेचं ठेसन झालं, पाण्याची टाकी आली. गावाने ठरवलं, आपणही तिकडेच जाऊन राहायचं. हैबती एकटाच अडून बसला. "अरे, अजून हातभर खणू द्या!"

त्याची लेक ठकू पोटुशी होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही आलात तर मी गाडीत पाय ठेवायची नाही."

म्हातारा विरघळला. "येतो गं बाई. निघेपर्यंत तरी खणू दे."

निघायच्या दिवशी तो दोराने विहिरीत उतरला. जावई लिंबाजी वर दोर धरून होता. मुहूर्त टळत चालला, तसं कोणीतरी ओरडलं, "लिंबाजी, तू बैल जुंप, म्हाताऱ्याला आम्ही ओढतो!" हे 'आम्ही' कोण, ते आजतागायत कळलेलं नाही. पुढच्या गाडीला वाटलं म्हातारा मागच्या गाडीत, मागच्या गाडीला वाटलं पुढच्या. ठकूलाही तेच सांगितलं, म्हणून ती गाडीत बसली. आणि गाव सोडताना मागे वळून बघायचं नाही, अशी रीत. कोणी बघितलंच नाही.

खाली हैबतीला चाकांचा खडखडाट ऐकू आला. एक हाक मारली असती तर सगळं गाव धावत आलं असतं. पण निघालेल्याला मागून हाक मारली की अपशकुन होतो, आणि गाडीत ठकू होती, तिच्या पोटात बाळ होतं. हैबतीने पागोट्याचं टोक दातांत धरलं आणि गप्प बसला, असं म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, खाली तो एकटा, मग हे पाहिलं कोणी? अहो, मीही पणजीला हेच विचारलं. तिने धपाटा घातला.

ठेसनापाशी गाड्या सोडल्या आणि ठकूने विचारलं, "बाबा कुठायत?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. लिंबाजी तसाच उलटा धावत सुटला. येऊन बघतो तर काय, विहीर काठोकाठ भरलेली! काठावर पहार, कोरडी ठणठणीत. शेजारी दोराचं नीट वेटोळं. गळ टाकले, बुड्या मारल्या, हैबती सापडला नाही. पाण्याने वर आणला म्हणावं, तर गेला कुठे? बुडाला म्हणावं, तर दोर गुंडाळला कोणी? लिंबाजी जन्मभर डोकं धरून बसायचा. पाणी लागलं खरं, पण ते प्यायला परत यायची कोणाची छाती झाली नाही.

ठकूला मुलगी झाली, चांगली धडधाकट. बारशाला ठकू रडत म्हणाली, "जळली मेली ती रीत!" तेव्हापासून नव्या तरवडीत निघालेल्या माणसाला मागून हाक मारतातच. एसटीच्या पायरीवरूनही माणूस वळून 'ओ' देतो. परगावचे लोक चक्रावतात.

आणि वर्षातून एकदा सगळे जुन्या विहिरीवर येतात. ठकूच्या वंशातली एखादी बाई पाण्यावर वाकून म्हणते, "बाबा, निघालो आम्ही. आता तरी मारा हाक." मग सगळे परत फिरतात, काही न बोलता, अगदी हळूहळू चालत.