मडकं झाकायचा सण

"...मग उद्या मी लोकांना खोटं वाचून दाखवू का, काका?"

हनोखकाका ओट्यावर बसले होते. रेवदंड्यात बेने इस्रायल ज्यूंची चार-पाच घरं उरलेली, आणि त्यांच्या प्रार्थना सांगणारे काकाच. यंदा डोळ्यांनी दगा दिला, म्हणून मिसर म्हणजे इजिप्तमधून पूर्वजांची सुटका झाली त्या आठवणीच्या, पेसाहच्या सणाची पोथी एलाझरने वाचायची ठरली. हिब्रू अक्षरं त्याच्याकडून काकांनीच गिरवून घेतलेली.

पण एलाझर ठाण्याहून जाडजाड पुस्तकं वाचून आला होता. पोथीतल्या इस्रायलच्या बारा टोळ्या म्हणे एका बापाच्या नव्हत्याच. कुणी डोंगरातले, कुणी वाळवंटातले. ज्याची त्याची गोष्ट वेगळी, मागाहून कुणी ठिगळं जोडावीत तशी जोडलेली. मिसरातल्या गुलामीतून सुटून आले ते तरी किती? मूठभर? की कुणीच नाही?

"माझं डोकं चालेनासं झालंय. खरं काय ते सांगा, नाहीतर वाचायला दुसरं कुणी बघा."

दुसरं कुणी नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"तुझी पणजी या सणाला काय म्हणायची रे?"

"अनशी ढाकायचा सण." आंबट रशाचं मडकं सणाचे दिवस झाकून ठेवायचं, म्हणून ते नाव. लहानपणी तो त्यावर हसायचा.

"का झाकायचं, ते सांगायची?"

"तिला कुठलं माहीत... गलबत फुटून आपले लोक या किनाऱ्याला लागले, तेव्हा पोथ्या बुडाल्या. मिसरची गोष्टही गेली, पोथी पुन्हा आली ती फार मागाहून, असं तुम्हीच सांगता."

"मग ती खोटं वागली?"

"नाही..."

"तुझी पुस्तकं खोटी?"

"तीही नाहीत." एलाझर घोटाळला. गोष्ट आधीची, की मडकं आधीचं? धागा हाती लागता लागता सुटत होता. "मग काका..."

काका भिंत चाचपत आत गेले. आले ते आंबटाचं मडकं घेऊन. ते त्यांनी एलाझरच्या मांडीवर ठेवलं. उघडंच. वास नाकात शिरला.

काका शेजारी टेकले.

बराच वेळ गेला...

मग त्यांनी हात पुढे करून मडक्याचं तोंड शोधलं. बोटांना एलाझरचा तळवा लागला, तोंडावर गच्च धरलेला.

"का झाकलंस?"

एलाझरने आपल्याच हाताकडे पाहिलं.

"कळलं नाही... हात गेला."

"तुझ्या पणजीचाही असाच जायचा. उद्या तिथूनच वाचायला लाग."